सवयीचा आवाज

डोक्याला तपासणीचा पट्टा बसवताना आत्यांचा भांग विस्कटला, तेव्हा वृषालीनं डॉक्टर मुल्लांना थांबवलं. फणी आणून भांग नीट पाडला, कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं आणि मग म्हणाली, "आता लावा." आज आत्यांना प्रश्न विचारला जाणार होता. निदान विचारणाऱ्यासमोर त्या नीटनेटक्या दिसाव्यात, एवढंच तिच्या मनात होतं.

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, प्रमिला पोवार. गडहिंग्लजकडे सासूला आत्या म्हणायची रीत जुनी, ती या घरात अजून टिकली होती. पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर आत्यांची वाचा गेली आणि हातापायांतलं चलनवलनही गेलं. डोळे उघडे असायचे, पण ते कशावर ठरत नसत. भरवलेलं गिळायच्या, ऊन आलं की पापण्या मिटायच्या. आत कोणी जागं आहे की नाही, हे बाहेरून सांगता येत नव्हतं.

वृषालीचा नवरा, आत्यांचा एकुलता मुलगा, लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी गाडी पाठवली होती, ती तिनं रिकामी परत लावून दिली. तेव्हापासून घरात दोघीच. आत्या तोंडानं फटकळ आणि वृषाली अबोल, त्यामुळे भांडण कधी पुरतं पेटलं नाही, आणि त्यातूनच एक माया जडत गेली. ती कोणी कोणाला बोलून दाखवली नाही एवढंच.

आत्यांची मुलगी हेमाताई नाशिकला होती. नोकरीच्या मागे उभा जन्म परगावी गेला, आता निवृत्त झाली आणि आईची ओढ लागली. तिकडे मोठी इस्पितळं आहेत, व्यायाम करून घ्यायला माणूस घरी येतो, वहिनी एकटी कुठवर उचलणार, असं ती म्हणे. यातलं काहीच खोटं नव्हतं. वृषाली एवढंच म्हणे की आत्यांना इथली सवय आहे. दोघी एकमेकींशी गोड बोलत, एकमेकींच्या पानात वाढत, आणि दोघींपैकी एकही मागे सरत नव्हती.

पूर्वी असा वाद कोर्टात गेला असता. आता त्यासाठी नवा नियम आला होता. ज्या माणसाला बोलून सांगता येत नाही, त्यानं कोणाजवळ राहायचं यावर घरात एकमत नसेल, तर त्याच्या मेंदूलाच विचारायचं. त्यासाठी हा पट्टा. ज्याच्या आवाजाला मेंदू जास्त जागा होईल, त्याच्याजवळ त्या माणसानं राहायचं.

डॉक्टर मुल्ला तालुक्याच्या दवाखान्यातल्या. चाचणीआधी घरच्यांना सगळं समजावून सांगायचं असा दंडक होता, आणि त्या मनापासून समजावत. मेंदूच्या पेशींना स्वतःजवळ शिधा साठवता येत नाही, त्या म्हणाल्या. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की त्याला लगेच साखर आणि प्राणवायू लागतो, आणि तो आणायचा तर रक्तच हवं. म्हणून त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिकडे रक्ताची लाट येते. ही लाट पेशी जागी झाल्यावर थोडी मागून पोचते, आणि येते ती गरजेपेक्षा जास्तच येते. पंगतीतला वाढपी जसा मागितल्यावर जरा उशिरानं येतो आणि नको नको म्हणेपर्यंत वाढतो, तसं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त प्रकाश वेगवेगळा शोषतात. पट्ट्यातले दिवे कवटीतून आत उजेड सोडतात. तळहाताखाली बॅटरी धरली की हात लाल दिसतो ना, त्यातलाच प्रकार. परत येणाऱ्या उजेडावरून ताजं रक्त कुठे धावलं ते कळतं, आणि पडद्यावर रेघ वर चढते.

"म्हणजे विचार दिसत नाही," वृषाली म्हणाली.

"विचार नाही दिसत. विचाराला लागणारं रक्त दिसतं."

आधी ओळखीपाळखीच्या नसलेल्या एका बाईचा आवाज ऐकवला. रेघ जराशी हलली आणि बसली. मग हेमाताई खाटेजवळ आली. "आई, मी आले गं," ती म्हणाली. पडद्यावर काही क्षण काहीच झालं नाही, आणि मग रेघ चढू लागली, चांगली टेकडीसारखी उभी राहिली आणि सावकाश उतरली. पुन्हा बोलवलं, पुन्हा चढली. हेमाताई आईच्या छातीवर डोकं ठेवून रडली. वृषालीलाही भरून आलं. आत्या आत आहेत, ऐकतायत, हे तिला आज पहिल्यांदा कोणीतरी दाखवलं होतं. तिनं मनातल्या मनात देवीला हात जोडले.

मग तिची पाळी आली. ती नेहमीसारखी उशाशी टेकली आणि म्हणाली, "आत्या, उठवून बसवू का?"

रेघ जागची हलली नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. परक्या बाईच्या आवाजाला जेवढी हलली होती, तेवढीसुद्धा नाही.

नंतर हेमाताई अंगणात जाऊन नवऱ्याला फोन करत होती. तिचा हरखलेला आवाज आतपर्यंत येत होता. वृषाली चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि आधण उकळून उकळून आटलं तरी तशीच उभी राहिली. डॉक्टर तिच्या मागोमाग आत आल्या, गॅस बंद केला आणि पाटावर बसल्या.

त्या म्हणाल्या की या यंत्राची एक खोड आहे, आणि नियम करणाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही. मेंदू रक्ताच्या बाबतीत चिक्कू असतो. नवं काही आलं की तो रक्त धाडतो. तेच तेच पुन्हा आलं की हळूहळू हात आखडता घेतो, कारण आता त्याला ते ओळखायला कष्ट पडत नाहीत. जी गोष्ट पुरती अंगवळणी पडली, तिच्यासाठी जादा रक्त लागतच नाही.

"घरी पाहुणा आला की आपण आग्रह करतो," डॉक्टर म्हणाल्या. "घरच्याला करतो का? तो आपला हातानं वाढून घेतो."

"मग मी त्यांना ठाऊक आहे म्हणून रेघ उठली नाही?"

"तसंही असेल. किंवा तुमचा आवाज पोचतच नसेल, तसंही असेल. सपाट रेघ दोन्हीकडे सारखीच दिसते, वृषालीताई. मी खोटा धीर देणार नाही."

मग आवाज खाली आणून त्यांनी एक वाट सांगितली. आठवड्यानं दुसरी चाचणी असते. त्या वेळी वृषालीनं रोजचंच काहीतरी करावं, पण त्यात मध्येच चूक करावी. आत्यांना ते रोजचं ठाऊक असेल, तर चूक खटकेल. खटकलं की रक्त धावेल. ठाऊकच नसेल, तर चूकही कळणार नाही. "तुम्ही सकाळी त्यांच्यापाशी ओव्या म्हणता ना? एक ओवी गाळा. बस्स."

वृषाली कप विसळत राहिली.

त्या ओव्या आत्यांच्या माहेरच्या देवीच्या. कुठे छापलेल्या नाहीत, आईनं मुलीला तोंडी द्यायच्या आणि घेणारीनं रोज अंघोळीनंतर, दिवा लावून, खाडा न करता म्हणायच्या, असा नेम. हेमाताई लहानपणीच वसतिगृहात गेली, तिला त्या आल्या नाहीत. म्हणून आत्यांनी त्या सुनेला शिकवल्या. शिकवताना फार छळलं. वृषाली भराभर म्हणायला लागली की म्हणत, देवीला घाई नाही, तुलाच कुठे जायचंय. शब्द चुकला की हातातल्या पाटलीनं फरशीवर टकटक करत, आणि पहिल्यापासून म्हणायला लावत. पहिला झटका आला तेव्हा वाचा अजून थोडी होती. त्या बोबड्या बोलात त्यांनी सांगितलं होतं, "आता तू म्हण. मी ऐकते." त्या दिवसापासून नेम दोघींचा झाला. एकीनं म्हणायचं, दुसरीनं ऐकायचं.

आठवडाभर वृषाली विचार करत होती. एक ओवी गाळली तर देवी काही कोपणार नाही, एवढं तिला समजत होतं. तिची देवी तशी नव्हती. पण आत्यांचं काय? त्यांना आता पाटली वाजवता येत नाही. ओवी गळाली तर ती खुपेल, आणि खुपलेलं सांगता न येता त्या तशाच पडून राहतील. त्यांचं रक्त धावेल ते त्या तळमळीनं. ती तळमळ पडद्यावर दाखवून मी त्यांना ठेवून घेऊ का? आणि दुसरं मन म्हणे, एकदाच तर आहे. क्षणाचा त्रास, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य त्या इथे, आपल्या खोलीत, आपल्या खिडकीपाशी. आई नाही का लेकराला कडू औषध पाजत?

चाचणीच्या सकाळपर्यंत तिनं ओवी गाळायचंच ठरवलं होतं. कुठली, तेही ठरलं होतं. देवी तळ्याकाठी दमून बसते ती.

दिवा लावला. पट्टा लागला. हेमाताई आपलं बोलून बाजूला झाली होती. रेघ मागच्यासारखीच चढून उतरली होती. वृषालीनं सुरुवात केली. पडद्याकडे पाठ करून बसली होती, तोंड आत्यांकडे. तळ्याची ओवी जवळ आली. आत्यांची नजर नेहमीसारखी कुठेतरी तिच्या खांद्यापलीकडे होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त श्वास ओवीच्या चालीवर पडत होता, किंवा वृषालीला तसं वाटलं. आणि तिला स्वच्छ कळलं की ज्या बाईनं आपल्यावर विसंबून डोळे मिटायचे, तिला आपण दगा देऊ शकणार नाही, तो कितीही भल्यासाठी असो.

तळ्याची ओवी तिनं पुरी म्हटली. सावकाश, घाई न करता. पुढच्याही सगळ्या म्हटल्या.

मागे वळली तेव्हा डॉक्टर मुल्ला पडद्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. रेघ सपाट होती.

आत्यांना घेऊन निघताना हेमाताईनं तिला मिठी मारली. "वहिनी, तुम्ही काही कमी केलं नाहीत. मनाला लावून घेऊ नका," म्हणाली, आणि ते तिनं मनापासूनच म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं. वृषालीनं आत्यांची चादर, मऊ फडकी, पातळ पेज कशी करायची त्याचं सगळं तोंडी सांगितलं. ओव्यांचं काही सांगितलं नाही. गाडी गेल्यावर तिनं अंगण झाडलं, खरं तर ते सकाळीच झाडलं होतं.

घर एवढं मोठं आहे हे तिला तेव्हा कळलं. पूर्वीही बोलणारी ती एकटीच होती, तसा काही आवाज कमी झाला नव्हता. पण आधी ती कोणालातरी सांगत असे. दूध उतू गेलं, ते आत्यांना सांगे. समोरच्या निंबाळकरांची सून भांडून माहेरी गेली, तेही सांगे, आणि आत्या काय बोलल्या असत्या ते मनात ऐकून हसेही. आता दूध उतू गेलं की नुसतंच उतू जाई. शेजारणी येत, बरं झालं गं, जरा सुटलीस, म्हणत. ती मान हलवी. भाकरी दोघींच्या थापल्या जात आणि एक दुसऱ्या दिवशी शिळी खावी लागे.

नेम मात्र तिनं मोडला नाही. अंघोळ, दिवा, आणि रिकाम्या खाटेपाशी पाट टाकून ओव्या. गादी गुंडाळून ठेवली होती, नुसत्या पट्ट्या दिसत. एका सकाळी ओव्या संपवून ती उठली, फुलं काढायला परसात गेली, आणि कण्हेरीपाशी एकदम थांबली. आज तळ्याची ओवी म्हटली का? तिनं आठवून पाहिलं. नव्हती म्हटली. ती गळाली होती आणि गळाल्याचं तिला कळलंही नव्हतं.

इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं. आत्या मुक्या झाल्यावरही नाही. फरशीवर पाटली वाजत नव्हती, तरी कुणीतरी प्रत्येक शब्द तोलून घेतंय, हे तिच्या जिभेला ठाऊक होतं आणि जीभ सांभाळून चालत होती. यंत्राला जे दिसलं नाही, ते तिला परसात कण्हेरीपाशी उभ्या उभ्या समजलं. आत्या ऐकत होत्या. रोज ऐकत होत्या. ती तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. समजलं होतं, पण आता समजून त्याचा उपयोग कोणाला?

नाशिकहून सुरुवातीला फोन रोज येत. हेमाताईनं घरच्यासाठी पट्टा विकत घेतला होता. आई आज माझ्या हाकेला कशी फुलली, व्यायामवाल्यालासुद्धा ओळखायला लागली, असं सांगे. सोसायटीतल्या बायका मुद्दाम बघायला येत. मग फोन विरळ झाले. आले तरी बोलणं हवापाण्याचं. वृषालीला काय झालं असावं ते उमगलं होतं, पण आपण होऊन विचारणं तिला टोचून बोलल्यासारखं वाटे, म्हणून तीही हवापाण्याचंच बोले.

शेवटी एका दुपारी हेमाताईचा फोन आला आणि ती नुसती हुंदके देत राहिली.

"वहिनी, आई मला विसरली."

रेघ आधी थोडी बुटकी झाली, मग आणखी, आणि आता उठतच नव्हती. हेमाताईनं काय नाही केलं. लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, रेघ उठली, पुन्हा सांगितल्या तर बसली. जुनी गाणी लावली, अत्तर बदललं, आवाज बदलून बोलली. प्रत्येक नवी युक्ती थोडे दिवस चाले आणि मग तीही मरे. रोज सकाळी आईसमोर नवीन होऊन जायचं म्हणजे किती जायचं, ती म्हणाली. डोकं चालेनासं झालंय. नवरा म्हणतो, आता तूच आजारी पडशील.

वृषालीनं तिला समजावलं. विसरल्या नाहीत, सवय झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही आता घरच्या झालात. पण हेमाताईला ते पटेना. ज्या रेघेनं आई परत दिली होती, तीच रेघ खोटी कशी म्हणायची? तिनं विनवलं, एकदा या. तुम्ही बोलून बघा. काही उरलंय का ते तरी कळेल.

वृषालीनं देवीपुढचा दिवा शेजारच्या निंबाळकर काकूंवर सोपवला आणि पहाटेची एसटी धरली. वाटेत तिला पुन्हा पुन्हा एकच सुखाचं चित्र दिसत होतं. आपण खाटेपाशी बसू, हाक मारू, आणि काहीही होणार नाही. रेघ जशी गडहिंग्लजला पडून होती, तशीच पडून राहील. हेमाताई हिरमुसेल, पण आपल्याला कळेल की आपली जागा अजून तिथेच आहे.

खोली सातव्या मजल्यावर होती, स्वच्छ आणि उजेडाची. आत्यांची तब्येत सुधारली होती, गालावर जरा मांस आलं होतं. हेमाताईनं त्यांची छान निगा राखली होती, हे वृषालीला एका नजरेतच दिसलं आणि तिचं मन हेमाताईबद्दल निवळलं. फक्त भांग वेगळ्या बाजूनं पाडलेला होता. पट्टा लागलेला होता. पडद्यावर रेघ आडवी पडून होती.

वृषाली उशाशी टेकली. तोंडातून निघालं ते रोजचंच.

"आत्या, उठवून बसवू का?"

थोडा वेळ काहीच नाही. वाढप्याला यायला लागतो तेवढाच वेळ. तिला हायसं वाटायला लागलं होतं, तोच रेघ हलली. चढली. चढतच गेली, हेमाताईसाठी पहिल्या दिवशी चढली होती त्याहून वर, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथेच थरथरत राहिली. हेमाताई पाठीमागून टाळ्या वाजवल्यासारखे हात आपटत हसत-रडत होती. आई आहे, आहे आई, म्हणत होती. तुम्हालाच ओळखते ती, वहिनी, तुम्हालाच. घेऊन जा तुम्ही तिला, मी कागद करून देते.

वृषाली त्या उंच रेघेकडे बघत राहिली. तिच्या आयुष्यात तिच्या नुसत्या येण्यानं कोणी इतकं हललं नव्हतं. आणि मग तिला डॉक्टरांचं पाहुण्याचं आणि घरच्याचं बोलणं आठवलं. आत्यांच्या मेंदूला तिचा आवाज ओळखायला आता कष्ट पडत होते. मधल्या महिन्यांत तिच्यासाठीची ती बिनबोभाट जागा पुसली गेली होती. रेघ सांगत होती ते एवढंच की कोणीतरी आलंय, बऱ्याच दिवसांनी आलंय, बाहेरून आलंय.

हेमाताई डोळे पुसून विचारत होती की गाडी कधीची सांगू, का दोन दिवस विश्रांती घेऊन निघाल. वृषालीनं हेमाताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत ती थकून म्हातारी दिसायला लागली होती. या बाईच्या हातची पेज आईच्या अंगी लागली आहे, आणि बाई स्वतःला परकी समजून बसली आहे.

तिनं फणी मागून घेतली. आत्यांचा भांग होता तसाच, हेमाताईनं पाडला होता त्याच बाजूनं, नुसता सारखा केला. मग पिशवी खाटेखाली सरकवली आणि जमिनीवर बसली.

"मी इथेच राहते, ताई," ती म्हणाली. "रेघ खाली येईपर्यंत राहीन म्हणते."